कॅगच्या संकेतस्थळावर अधिकाऱ्यांची कारकीर्द कशी वाचावी

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग. त्यांच्या संकेतस्थळावर माजी कॅगची यादी आहे, अगदी १९४८ मध्ये पदावर आलेल्या व्ही. नरहरी राव यांच्यापासूनची. नाव, कार्यकाळ, थोडा परिचय, बस. कोणाच्या काळात काय बाहेर निघालं ते या यादीत शोधू नका. त्यासाठी लेखापरीक्षा अहवालांचा विभाग उघडायचा, आणि तो मात्र कामाचा आहे.

तिथे केंद्र की राज्य, वर्ष, क्षेत्र असं निवडून हवे ते अहवाल शोधता येतात. प्रत्येक अहवालाच्या पानावर दोन तारखा असतात: शासनाला पाठवल्याची आणि सभागृहात मांडल्याची. दोन्ही टिपून ठेवा. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ प्रमाणे अहवाल राष्ट्रपतींकडे किंवा राज्यपालांकडे जातो आणि तिथून सभागृहात येतो. किती दिवसांत मांडायचा, याची मुदत त्या अनुच्छेदात नाही. मधले महिने कॅगच्या खात्यावर टाकणं म्हणूनच चूक.

खरी गफलत वर्षाची होते. ‘मार्च २०१७ अखेरच्या वर्षाचा’ असं मुखपृष्ठावर असलं तरी तो त्या तारखेपर्यंतच्या व्यवहारांचा हिशेब असतो, अहवाल निघतो नंतर. कॅगचा कार्यकाळ सहा वर्षं किंवा वयाची ६५, जे आधी येईल ते. त्यामुळे तपासलेला काळ एकाचा आणि सही दुसऱ्याची, असं सर्रास होतं.

म्हणून सहीचं पान बघायचं. वर अहवाल तयार करणाऱ्या महालेखापालांची किंवा महासंचालकांची सही, ठिकाण, तारीख. खाली कॅगची प्रतिस्वाक्षरी, तिचीही तारीख. हे पान शेवटच्या प्रकरणानंतर आणि परिशिष्टांच्या आधी येतं. प्रकरणवार फाइल उतरवणारे थेट परिशिष्ट उघडतात आणि सही नाही म्हणून तक्रार करतात! वरची सही दुर्लक्षू नका. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून लेखापरीक्षा सेवेत आलेला आणि सिमल्यात प्रशिक्षण घेतलेला अधिकारी तिथेच दिसतो. विनोद राय यांच्यापासून आजचे के. संजय मूर्ती यांच्यापर्यंतचे सगळे कॅग मात्र प्रशासकीय सेवेतले.

संकेतस्थळाची मोठी उणीव अशी की परिचय आणि अहवाल एकमेकांना जोडलेले नाहीत. राफेलचा अहवाल घ्या. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये संसदेत मांडला गेला. कॅग राजीव महर्षी हे करार जाहीर झाला तेव्हा, एप्रिल २०१५ मध्ये, वित्त सचिव होते, म्हणून काँग्रेसने हितसंबंधांचा आक्षेप घेतला. सरकारचं उत्तर असं, की वित्त मंत्रालयातल्या सर्वांत ज्येष्ठ सचिवाला ‘वित्त सचिव’ म्हणतात. महर्षींकडे आर्थिक व्यवहार विभाग होता, संरक्षण खर्चाच्या फायली व्यय विभागाकडे जातात. कोणाचं पटतं ते तुम्ही ठरवा, पण त्यासाठी पदनामापेक्षा विभाग आणि तारखा हाताशी लागतात, आणि त्या स्वतःच जुळवाव्या लागतात.

महाराष्ट्राचे अहवाल मराठीतही मिळतात. फाइल जुन्या फॉन्टमधली असेल तर शब्द शोधून काही हाती लागत नाही. अशा वेळी इंग्रजी प्रत उघडायची, परिच्छेद क्रमांक शोधायचा आणि त्याच क्रमांकाने मराठी प्रतीत यायचं.