सातपूरहून कॉलेज रोडला जाणं वसूल होतं

दोन महिने झाले मी या संध्याकाळच्या इंग्लिश बॅचला जातेय. नाशिकमधे सातपूरला एमआयडीसीत स्टोअरला कामाला आहे, शिफ्ट सुटली की स्कूटीवर थेट कॉलेज रोड. याआधी दुसऱ्या एका क्लासला पैसे भरले होते, तिथे माझा उच्चार चुकला की पुढच्या बाकावरची पोरं खी खी करायची आणि शिकवणारेपण त्यांच्यात सामील, पंधरा दिवसांत सोडला, फी गेली ती गेलीच.

इथे एके दिवशी सरांनी 'सार्कॅझम' शब्द घेतला. मला वाटलं टोमणा एवढा अर्थ सांगतील आणि पुढे जातील. पण त्यांनी फळ्यावर आधी 'सार्क्स' लिहिलं, ग्रीकमधे त्याचा अर्थ मांस, त्यावरून 'सार्काझेइन' म्हणजे कुत्र्यासारखं मांस फाडणं, मग रागाने ओठ चावणं, आणि त्यातूनच पुढे जहरी बोलणं, आणि लॅटिन, फ्रेंच असं फिरत फिरत हा शब्द 16व्या शतकात इंग्रजीत आला. मग विचारलं, मराठीत याला जवळचं काय? मागून एक काका हळूच म्हणाले, "लचके तोडणं." वर्ग एकदम शांत. मला तो जुना क्लासच आठवला, तिथे नेमकं हेच तर होत होतं माझं.

बॅचमधे एक सिस्टर आहेत, त्यांनी विचारलं सार्कोमा, म्हणजे कॅन्सरचा एक प्रकार, हा शब्द यातलाच का, सर म्हणाले हो, तेच मांस. 'रिडिक्यूल', म्हणजे खिल्ली उडवणं, हा शब्द मात्र लॅटिनमधल्या हसण्याच्या शब्दावरून आलाय, जसा आपल्या उपहासात 'हस्' बसलाय तसा. असं मुळापासून सांगितलं की शब्द विसरायला होतच नाही, मी घरी पोरीलापण सगळं जसंच्या तसं सांगितलं. आणि मुख्य म्हणजे इथे चुकलं तर कुणी हसत नाही, सर परत म्हणायला लावतात, पाच वेळा लावतील पण चिडत नाहीत.

पार्किंगची मात्र बोंब आहे, गाडी लांब लावून चालत यावं लागतं. पंखा एकच, मागे बसलं की उकडतं. छापील नोट्स मिळत नाहीत, जाड वही घेऊन जा आणि फळ्याजवळची जागा पकडा, सरांचं अक्षर बारीक आहे.