नातवाची नवी शाळा: गुण नाहीत, पण नोंदी वाचण्यासारख्या

माझी नोकरी सातारा जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. त्यामुळे कोणत्याही शाळेत गेले की रंगवलेल्या भिंतींआधी मी प्रगतिपुस्तक मागते. नातू चौथीत आहे, पुण्यातल्या एका नव्या सेमी इंग्रजी शाळेत. नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही लिहिणार आहे.

इथे चौथीपर्यंत गुण देत नाहीत, नोंदी देतात. हे वाचून मी आधी नाक मुरडलं. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा वर्णनात्मक नोंदी आम्हीही लिहिल्याच की! कल्पना चांगली होती. पण पट मोठा, वर जनगणना आणि निवडणुकीची कामं. मग बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि अख्खा वर्ग 'उपक्रमात उत्साहाने सहभागी' होऊ लागला.

या शाळेतली गणिताची नोंद मात्र अशी होती: '४१६ भागिले ४ याचं उत्तर १४ लिहितो. दशकाच्या जागी शून्य द्यायचं राहतं.' एवढंच. मी खूश! बाईंनी मग त्याला खेळण्यातल्या नोटा चौघांत वाटायला लावल्या. शंभराची एकेक नोट प्रत्येकाला गेली, दहाची एकच उरली, ती चौघांत वाटता येईना, मोडून सुटे करावे लागले. वाट्याला १०४ आले आणि मधलं शून्य कशाला लागतं ते कळलं. चुकलेलं गणित खोडू देत नाहीत, शेजारी दुरुस्ती करायची. पालकभेटीला वही मूलच उघडून दाखवतं. बाई बाजूला बसून ऐकतात. वर्गात पंचवीसच मुलं आहेत म्हणून हे जमतं, हेही खरं. फीही त्याच मानाने आहे.

आता तक्रारी. परिसर अभ्यासाच्या पानावर तेच जुनं 'उत्साहाने सहभागी होतो' भेटलं. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास, म्हणून प्रकल्प प्रतापगडाचा, तोही थर्माकोलचा. वर्गात मांडलेले किल्ले बघितले तर बाबा लोकांची कलाकुसर उघड दिसत होती. दिवाळीत हीच मुलं चिखल तुडवून किल्ला करतात, त्याचं निरीक्षण करायचं सोडून स्टेशनरीच्या दुकानाचं मूल्यमापन कशाला? पाढ्यांचंही तसंच. समजून घ्यावेत हे मान्य, पण सतराचा पाढा तोंडावर नसला की भागाकार रेंगाळतो.

आणि पाचवीचं काय? राज्य मंडळाच्या शाळांत पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा. नातवाने आजवर घड्याळ लावून पेपर सोडवलेला नाही. मुख्याध्यापिकांना विचारलं, तर म्हणाल्या, "आजी, दुसऱ्या सत्रात सराव घेऊ." वेळापत्रक मागितलं, ते अजून मिळालेलं नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. प्रवेश घेणार असाल तर माहितीपत्रक राहू द्या. एखाद्या मुलाचं नाव झाकून मागच्या वर्षीचं नोंदींचं पान दाखवा म्हणावं. गणिताचं आणि परिसर अभ्यासाचं, दोन्ही मागा.