वही की मोबाईलचा माइक?

मोबाईल मराठीत बोललेलं लिहून घेतो, हे कळल्यापासून माझ्या बरोबरीचे निवृत्त शिक्षक अधूनमधून विचारतात, ‘सर, मग वही कशाला काळी करायची?’ मी दोन्ही करून पाहिलंय. दोन पावसाळे बोलून गोष्टी लिहिल्या, आता परत वहीवर आलोय. तुमचं वेगळं असू शकेल, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

वेगात माइकचा हात कोण धरणार? सकाळचा फेरफटका संपेपर्यंत अर्धा प्रसंग पदरात पडलेला असतो. बोटं अवघडत नाहीत, चष्मा शोधावा लागत नाही. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी तर पुढचं न वाचता माइकच धरावा. आठवणी, प्रवासवर्णन, कुणाच्या सत्कारासाठी लेख, असं पुस्तकी मराठीतलं काही असलं की तो बऱ्यापैकी बिनचूक लिहितो. विरामचिन्हं मागाहून घालावी लागतात, पण ते तर आपण जन्मभर केलंय.

माझं घोडं अडलं ते संवादांपाशी. माझ्या गोष्टी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या, खानापूरकडच्या गावांतल्या. त्यातली आजी नातवाला म्हणते, ‘काय करूलालास रे?’ मोबाईलनं लिहिलं, ‘काय करू लालाच रे’. सावकाश, तोंड उघडून म्हटलं, तर ‘काय करून लाल सरे’. शेवटी कंटाळून ‘काय करतोयस’ म्हणालो आणि ते पहिल्या फटक्यात बरोबर! पुढे बसचा कंडक्टर दारातून कन्नडमध्ये ओरडतो, ‘बर्री, बर्री, मुंद होग्री!’ (या, या, पुढे चला!) त्याचं झालं ‘बरी बरी मुंडे होळी’. त्या दिवशी घरात सगळेच हसले, मीही हसलो.

आठ-दहा दिवसांनी मात्र ध्यानात आलं, की मोबाईलला कळेल असंच मी माणसांना बोलायला लावतोय. आमच्याकडे बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात, हे इकडच्यांना सांगायला नको. माझी आजी तिसऱ्या पानावर ‘बरं, मी येते हं’ म्हणून उठून गेली. पुण्याहून आलेली पाहुणी वाटली मला ती. आणि खोटं कशाला बोलू, तीसएक वर्षं वर्गात मीही हेच केलं. ‘करूलालास’खाली लाल रेघ मारून दहा वेळा ‘करत आहेस’ लिहून आणायला लावलं. आता तीच रेघ माझ्यावर उलटली.

हे कुणाला क्षुल्लक वाटेल. पण हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथे मंडपात बसलेली माणसं हीच बोली बोलतात. आजी पुण्याची निघाली, की ती माणसं उठून चहाला जातात.

माइकची आणखी एक गोम. गोष्ट मोठ्यानं बोलावी लागते. भावकीतल्या बांधाच्या भांडणावर लिहीत होतो आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच. मग मी तो प्रसंग कुजबुजत सांगितला, तो मोबाईलला ऐकूच गेला नाही. कणकुंबीकडे बहिणीच्या घरी गेलो की पावसात नेटवर्कही जातं, ते वेगळंच.

वहीत खोट नाही असं नव्हे. दिवाळी अंकवाले आता हस्तलिखित सहसा घेत नाहीत. डीटीपीवाल्याकडे दिलं तर तो जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून देतो आणि ती फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की नुसत्या चिन्हांची रांगोळी. म्हणून पक्की प्रत मी आता घरीच इनस्क्रिप्टवर करतो. १९८६ साली ठरलेला हा कळफलक बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीत ‘क’ ज्या कळीवर, कन्नडमध्येही तिथेच. तालुका कचेरीला कन्नडमध्ये अर्ज लिहायचा तरी बोटांना नवं काही शिकवावं लागत नाही. शिफ्ट दाबून ‘ल’ मारला की ‘ळ’ येतो, ‘र’ मारला की ‘दुसऱ्या’तला तो ‘ऱ’. मला हात बसायला महिना-दीड महिना लागला. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागते, ही तक्रार खरी. पण दुसऱ्यांदा लिहिताना निम्मी विशेषणं आपोआप गळतात.

तुमची पात्रं पुस्तकी मराठी बोलत असतील, तर माझं ऐकू नका, माइक घ्या. वही घ्यायची झालीच तर २०० पानी फुलस्केप घ्या आणि उजव्याच पानावर लिहा. डावं पान कोरं असू दे. माझ्या आजीचं ‘मी येतो गा’ मला तिथेच परत लिहावं लागलं.