मागच्या अंगणातलं वाफेचं इंजिन: नऊ महिन्यांनंतर

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचं नाही ते मोकळे होतील. 520 पौंड, तेही सेकंडहँड. त्यात मिळालं काय, तर पावणेतीन किलोचं, चार चाकांचं वाफेचं इंजिन. नवजात बाळाएवढं वजन आणि उचलायचंही तसंच, दोन्ही हातांनी. आत खरं पाणी उकळतं, खरी वाफ होते आणि त्या वाफेवर चाकं फिरतात. वीज नाही, बॅटरी नाही. फेब्रुवारीत घेतलं, आता नोव्हेंबर निम्मा सरला. वहीत नोंद ठेवतो, त्याप्रमाणे आजवर 63 वेळा पेटवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हे माझ्या आधी दोन मालकांच्या हातून गेलंय आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या निम्म्या त्यांच्या, निम्म्या माझ्या अकलेच्या.

मी लीड्सला राहतो. इंग्लंडात हा छंद जुना आहे. खऱ्या गाडीच्या एका फुटाला मॉडेलमध्ये 16 मिलिमीटर असं माप धरतात, म्हणजे साधारण एकास एकोणीस. त्या हिशेबानं दोन रुळांत 32 मिलिमीटर अंतर ठेवून ते बागेत टाकले की ते दोन फुटी लाइनचे होतात: वेल्समधल्या खाणींच्या गाड्या, दार्जिलिंग, आपलं माथेरान. स्वस्तात सुरुवात करायची तर मॅमॉड कंपनीची जुनी इंजिनं मिळतात, ज्यात सिलिंडरच डुलत डुलत वाफ आत घेतो. ती गोड दिसतात, पण वेगावर ताबा जवळजवळ नसतोच. जरा गंभीर झालं की लोक राउंडहाउसकडं वळतात. हा कारखाना 1982 पासून डॉनकास्टरमध्ये आहे, माझ्या घरापासून तासाभरावर. नवीन, गॅसवरचं चांगलं इंजिन घ्यायचं तर किमान हजार पौंड बाजूला ठेवावेत, मोठ्या इंजिनांना त्याच्या दुप्पट किंवा जास्तही लागतात. ऐपतीचा प्रश्न तिथंच मिटला आणि मी जुन्या बाजारात शिरलो.

आता पेटवायचं कसं ते. आधी तेल, मग पाणी, गॅस सगळ्यात शेवटी. तेल म्हणजे खास वाफेचं तेल, काकवीसारखं दाट. बॉयलर काठोकाठ भरायचा आणि मग सिरिंजनं तीसेक मिली पाणी परत काढून घ्यायचं, नाहीतर वाफेला जागा उरत नाही आणि सिलिंडरमध्ये नुसतं पाणी जातं. मग गॅस भरायचा, आसपास काहीही पेटतं नाही हे बघून. धुराड्याच्या तोंडाशी लायटर धरायचा आणि गॅसची कळ किंचित सोडायची. ‘फप्’ असा आवाज होतो आणि ज्योत धुराड्यातून मागं पळत जाऊन बर्नरवर बसते. हा ‘फप्’ नीट आला नाही तर बर्नर घुबडासारखा घुमतो. मग बंद करून पुन्हा पहिल्यापासून.

सहा-सात मिनिटांत दाबाचा काटा 40 वर जातो, पौंड प्रति चौरस इंच. घरातल्या कुकरची शिट्टी साधारण 15 ला होते, म्हणजे आपण कुकरच्या अडीचपटीहून जास्त दाब मांडीवर घेऊन बसलेलो असतो. काटा 40 च्या वर गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसायला लागतो. तो फुसफुसला नाही तर ज्योत ताबडतोब बंद करायची, त्याला दुसरं मत नाही. सिलिंडर अजून थंड असतात, त्यामुळं आत गेलेली वाफ तिथंच पाणी होऊन बसते. इंजिन हातानं पुढं-मागं ढकलत ते पाणी बाहेर काढावं लागतं आणि ते निघतं धुराड्यातून, गरम, तेलकट, थेट अंगावर. एका रविवारी पाहुण्यांकडं जेवायला निघण्याआधी ‘एकच फेरी’ म्हणून पेटवलं आणि पांढऱ्या सदऱ्यावर छातीभर पिवळे ठिपके घेऊन गेलो. बायको अजून तो सदरा ‘रेल्वेचा’ म्हणून वेगळा ठेवते.

एका भरण्यात वीस-पंचवीस मिनिटं चालतं. गॅसची टाकी अशा मापाची असते की पाण्याआधी गॅस संपावा. मला हे फार आवडलं. कोरड्या बॉयलरखाली ज्योत राहू नये याची काळजी कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वीच घेऊन ठेवलीय.

मार्चमध्ये मी हुशारी केली. गॅस जास्त मावावा म्हणून इंजिन तिरकं धरून टाकी भरली. टाकीत वर वायूला जागाच राहिली नाही आणि पेटवल्यावर बर्नरकडं गॅस गेला तो द्रवच. धुराड्यातून वीतभर पिवळी ज्वाळा उठली, रंगाला फोड आले, आणि कुंपणापलीकडच्या आजोबांनी शांतपणे विचारलं, चहा होतोय का. तेव्हापासून इंजिन सपाट फळीवर ठेवूनच भरतो. आणखी एक सांगून ठेवतो: काचेच्या खोलीत, गॅरेजमध्ये, ‘बाहेर पाऊस आहे म्हणून’ घरात कधीही पेटवू नका. ज्योतीतून निघणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही.

आता मूळ दुखणं. पहिल्या दिवसापासून रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडं जाणारी वाफ कमी-जास्त करायची कळ, बंद करूनही इंजिन हळूहळू सरकायचं, थांबायचं नावच नाही. विकणाऱ्यानं ‘फार वापरलेलं नाही’ असं अभिमानानं सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. दहा वर्षं कपाटात उभं होतं. आतल्या रबरी कड्या वाळून टणक झालेल्या, तेलाच्या भांड्यात राखाडी साय धरलेली. ह्या छंदात जमवणारे लोक पुष्कळ आहेत. एका गृहस्थांकडं काचेच्या कपाटात वीसेक इंजिनं बघितली, बहुतेकांना कधी पाणीच लागलेलं नाही. त्यांचा आनंद त्यांना लखलाभ, पण तुम्ही चालवण्यासाठी घेणार असाल तर ‘न वापरलेलं’ हे ऐकून जास्त पैसे देऊ नका. उलट बॉयलरवर तेलाचे डाग, बाजूला घासलेला रंग, मालकाच्या नखांत काळं असेल तर खुशाल घ्या.

मे महिन्यात सासरे आले, सहा महिन्यांच्या व्हिसावर. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीवर उभी हयात गेली. मी मोठ्या हौसेनं इंजिन टेबलावर ठेवलं. त्यांनी खाली वाकून धुराड्यातून बघितलं आणि म्हणाले, “ह्ये इंजन हाय व्हय जावईबापू? मला वाटलं स्टोव्ह हाय.”

मग मोजपट्टी मागितली. 32 मिलिमीटर गुणिले एकोणीस म्हणजे दोन फूट, आणि “आपली लाइन अडीच फुटी.” बरोबरच होतं. ह्या मापात बार्शी लाइनला 40 मिलिमीटरचे रूळ लागतील. त्यांना खूश करायला मी सांगितलं की माझ्या बागेतल्या वळणाची त्रिज्या नेमकी अडीच फूट, 762 मिलिमीटर आहे, कारण ह्या इंजिनाला त्याहून तीव्र वळण झेपत नाही. म्हणजे तुमच्या दोन रुळांतलं अंतर ते माझं वळण. हसले नाहीत.

पण लीड्सचं नाव त्यांना नवीन नव्हतं. बार्शी लाइनची पहिली इंजिनं ह्याच गावातल्या किटसनच्या कारखान्यातली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअरनं ती लाइन उभी केली, 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, आणि डबे-वाघिणींसकट गाडी भारतात जाण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं रूळ टाकून चालवून बघितली होती. कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांहून जास्त भार पडू नये, हा त्याचा नियम. न्यूलेला अण्णांना घेऊन गेलो. चाचणीची कसलीच खूण आम्हाला सापडली नाही. कालव्याकाठी बसून वडापाव खाल्ला, घरून नेलेला, आणि परत आलो.

त्याच आठवड्यात त्यांनी रेग्युलेटर उघडला. नवीन कडी टाकायला मला अख्खी दुपार लागली असती, त्यांना चहा गार व्हायच्या आत जमलं. “उभं इंजन लवकर मरतंय,” एवढंच बोलले. मग रोज संध्याकाळी सात वाजता दारात उभे: आज पेटवायचं का? जूनमध्ये इथं दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळं नाही म्हणायला सबब नव्हती.

दोन गोष्टींनी मात्र ते खरंच खूश झाले. पहिली, तेलाचं भांडं. त्यात पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. वाफ आत शिरते, गार होऊन पाणी होते, पाणी जड म्हणून तळाशी बसतं आणि तेवढंच तेल वर ढकललं जाऊन वाफेबरोबर सिलिंडरकडं जातं. दिवाळीत पणतीत खाली पाणी आणि वर तेल घालतो, तोच न्याय. म्हणून प्रत्येक वेळी चालवून झालं की तळाचं पाणी काढायचं आणि तेल नव्यानं भरायचं. माझ्या आधीच्यांनी हेच केलं नव्हतं. दुसरी गोष्ट, चालू इंजिनात दाबाविरुद्ध पाणी भरायचा गुडॉल व्हॉल्व्ह. मी उघडून दाखवला: पितळी नळीला आडवं भोक आणि त्यावर सिलिकॉनची घट्ट टोपी. पाणी दाबलं की टोपी फुगून वाट देते, सोडलं की बॉयलरचाच दाब तिला बंद करतो. अण्णा ओरडलेच, “आरं, ही तर सायकलची व्हॉलट्यूब!”

जुलैत आम्ही दोघांनी एक किट बांधायला घेतलं. बॉयलर जोडलेला, दाबाची चाचणी झालेला येतो. तो घरी बनवायच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. बाकी सांगाडा, सिलिंडर, दांडे, सगळं सुटं. स्क्रू बीए मापाचे, ही जुनी ब्रिटिश मापं. मेट्रिक पाना त्यांना जवळजवळ बसतो, आणि ते ‘जवळजवळ’च नटाचे कोपरे खातं. तीन नट मी खाल्ल्यावर अण्णांनी माझ्या हातातून पाना काढून घेतला.

जोडून झाल्यावर लगेच पेटवत नाहीत, आधी हवेवर फिरवून बघतात. पायानं मारायचा पंप लावला, चाकं वर धरली, फिरली. मला वाटलं जिंकलो. अण्णा म्हणाले, “लंगडतंय.” मला काहीच ऐकू येत नव्हतं. दोन सिलिंडर, प्रत्येकात वाफ दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके यायला हवेत. त्यांना तीन आणि एक अर्धा येत होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. “हिकडची. मागली.” डाव्या सिलिंडरवरच्या वाफेच्या पेटीचं झाकण, चार स्क्रू. आत वाफेची वाट उघड-बंद करणारी पितळी सरकपट्टी असते, नखाएवढी. ती आपल्या दांडीवर अर्धा आटा मागं बसली होती, त्यामुळं मागची वाट पुरती उघडतच नव्हती. अर्धा आटा पुढं. पंप मारला. ह्या वेळी मलाही ऐकू आलं: एक, दोन, तीन, चार, सारखे.

रुळांबद्दल फार लिहीत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल. एवढंच की 18 मीटरचा माझा गोल एका बाजूला साठाला एक इतका चढतो. डोळ्याला दिसत नाही, पण इंजिनाला कळतो. चढावर दम लागतो आणि उतारावर ते डब्यांसकट जे सुटतं ते वळणावर थेट गुलाबाच्या वाफ्यात. तुमची बाग सपाट नसेल तर रेडिओ कंट्रोलचे जादा पैसे आधीच धरा. मी धरले नाहीत, त्यामुळं पंचवीस मिनिटं गाडीच्या बाजूनं वाकून चालतो आणि पाठ दुखते. दुसरे शत्रू म्हणजे गोगलगायी. रात्री रुळावरून जातात आणि सकाळी त्या चिकट रेघेवर चाकं जागच्या जागी फिरतात. ऑक्टोबरात पानगळ. इथल्या मोठ्या गाड्या रुळावर पानं पडली म्हणून उशिरा धावतात तेव्हा मी पूर्वी हसायचो.

मुलांसाठी घेणाऱ्यांना: घेऊ नका. माझी सात वर्षांची मुलगी दुसऱ्या आठवड्यात कंटाळली, आता फक्त पाणी भरायला येते. आणि ‘भारतात नेता येईल का’ असं चौघांनी विचारलंय. इंजिन नेता येईल, गॅसचा डबा विमानात चालत नाही, ना हातातल्या सामानात ना बॅगेत. लायटरचा ब्युटेन तिकडं मिळतो आणि उन्हाळ्यात तो जोरात येतो, म्हणून कळ अगदी कमी सोडावी लागेल. पाणी मात्र डिस्टिल्डच घाला. बोअरचं घातलं तर वर्षभरात बॉयलरमध्ये चुना बसेल.

इथं सध्या उलटं आहे. ब्युटेन शून्याच्या जरासा खाली उकळतो आणि टाकीतून गॅस निघताना टाकी स्वतःच आणखी गार होते. म्हणून प्रोपेन मिसळलेला गॅस वापरतो, तरी चार अंशांत ज्योत मलूल पडते. परवा सकाळी इंजिन आत असतानाच टाकीला कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळलं, मग बाहेर नेलं. गार हवेत वाफ एवढी दाट दिसते की उन्हाळ्यात अर्धीच दिसत होती असं वाटतं.

अण्णा ऑक्टोबरच्या शेवटी परत गेले. किटचं इंजिन अजून उघड्या पितळेचंच आहे, ह्या ओलसर हवेत रंग वाळत नाही. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. नात समोर येईपर्यंत ते वाट बघतात आणि मग मला विचारतात, डाव्या बाजूचं पुन्हा उघडून बघितलं का.