स्मार्ट रेडिएटर व्हॉल्व्ह: अख्खा हिवाळा वापरून झाल्यावर

घर रेडिंगला, १९३० च्या आसपासचं सेमी-डिटॅच्ड (एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक), गॅसचा कॉम्बी बॉयलर (नळाचं गरम पाणी आणि रेडिएटरचं पाणी दोन्ही तोच तापवतो) आणि थर्मोस्टॅट एकच, तोही खाली जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये. इंग्लंडात राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नकोच. पॅसेज वीस डिग्रीला पोचला की थर्मोस्टॅटच्या मते काम झालं, बॉयलर बंद, आणि वर मागच्या बेडरूममध्ये मुलं जॅकेट घालून अभ्यास करतायत. त्यात हिवाळ्यात सांगलीहून आई येणार होती, म्हणून सप्टेंबरातच स्मार्ट व्हॉल्व्ह मागवले. म्हणजे काय तर रेडिएटरच्या (भिंतीवरचं पत्र्याचं पॅनेल, आत गरम पाणी फिरून खोली तापते) कडेला १ ते ५ आकड्यांची जी गोल मूठ असते ती काढायची आणि तिच्या जागी बॅटरीवर चालणारी, मोबाइलवरून सेट होणारी मूठ बसवायची. बाजारात चार-पाच कंपन्यांचे मिळतात, तंत्र सगळ्यांचं जवळपास तेच, त्यामुळे नाव राहू दे, कामाचं बोलतो.

बसवायला प्लंबर लागत नाही, पाणीही काढावं लागत नाही, कारण व्हॉल्व्हची बॉडी तीच राहते. पण जुनी मूठ काढली की मधे एक बारीक पिन दिसते, तिच्याकडे नीट बघा. पिन दाबली की रेडिएटर बंद, सोडली की स्प्रिंगने वर येते आणि चालू. उन्हाळाभर मूठ बंदवर राहिली की पिन खालीच चिकटून बसते. मागच्या बेडरूमचं दुखणं नेमकं हेच निघालं! पक्कड घेऊन हलक्या हाताने खालीवर केली (उपटायची नाही हं, बाहेर आली तर पाणी येऊ शकतं), थोडा वंगणाचा स्प्रे मारला, दोन मिनिटांत टक् करून सुटली आणि पाऊण तासात रेडिएटर हात लावून देईना. स्मार्ट मूठ तेव्हा अजून खोक्यातच होती.

मग म्हटलं आता सगळंच बघू. वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा अडकलीये, उलटं असेल तर तळाशी गाळ. हवा काढायला पितळी चावी मिळते अगदी स्वस्तात, हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्यायचा, खाली फडकं धरायचं, अर्धा फेरा फिरवायची, फुस्स आवाज थांबून पाणी आलं की बंद. नंतर बॉयलरवरचं प्रेशर उतरलेलं असतं ते फिलिंग लूप (बॉयलरमध्ये नळाचं पाणी भरायची छोटी जोडनळी) उघडून गार असताना १ ते १.५ बारच्या मधे आणायचं, आणि लूप परत घट्ट बंद करायचा, नाहीतर प्रेशर चढत जाऊन ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह बाहेर पाणी सोडायला लागतो. पाणी शाईसारखं काळं आलं तर आत लोखंड गंजतंय, तेव्हा सर्व्हिसवाल्याला इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि मॅग्नेटिक फिल्टरबद्दल (लोखंडाचा गाळ पकडणारा) विचारा.

आता खरी गोष्ट, जिला एक पेनी लागली नाही. कॉम्बीवर दोन तापमानं वेगवेगळी सेट होतात, नळाचं वेगळं आणि रेडिएटरचं वेगळं. रेडिएटरचं बहुतेक घरात बसवणाऱ्याने ७०-७५ वर ठेवलेलं असतं आणि नंतर कोणी हातच लावत नाही. इंग्लंडात २००५ पासून बसवलेले जवळपास सगळे गॅस बॉयलर कंडेन्सिंग आहेत, म्हणजे गॅस जळताना जी वाफ होते तिचं आतच पाणी करून तिच्यातली उष्णता पण वापरायची, पण हे कधी होतं तर रेडिएटरमधून परत येणारं पाणी साधारण ५५ डिग्रीच्या खाली असेल तेव्हा. ७५ वर ठेवलं तर ते परत येतं तेही तापलेलंच, आणि ज्यासाठी महागडा बॉयलर घेतला ती उष्णता धुराड्यातून बाहेर. मी ५८ वर आणलं. घर तापायला वेळ जास्त लागतो म्हणून सकाळी अर्धा तास आधी सुरू करतो, पण ऊब एकसारखी राहते आणि बिलात फरक दिसला. फक्त घरात गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर एवढं खाली आणू नका, टाकीतलं पाणी साठ डिग्रीला पोचलंच पाहिजे, लेजिओनेला जंतूंचा प्रश्न असतो.

मग स्मार्ट मुठी वाया गेल्या का? नाही. आईच्या खोलीत २२, मुलांच्यात १९, आमच्यात १७, हे एका थर्मोस्टॅटवर शक्यच नव्हतं. आई तरी म्हणायचीच, "अरे ते जरा वाढव की रे," आणि मी खाली बसून मोबाइलवर वाढवायचो, एवढा मान मशीनने राखला. तक्रारी पण आहेत. सेन्सर रेडिएटरला चिकटून असल्यामुळे खोली १८ असताना तो २१ दाखवतो, ऑफसेट द्यावा लागतो (म्हणजे तेवढा फरक वजा करायला ॲपमध्ये सांगायचं), आणि पडदा वरून आला की सगळं गणित बिघडतं. रात्री मोटर घर्र करते, झोप सावध असेल तर बेडरूममध्ये त्रास होईल. एका मुठीचा प्लॅस्टिक अडॅप्टर (मूठ व्हॉल्व्हवर बसवायचा जोड) तडकला, तर कस्टमर केअरने फोटो मागवून मागवून वात आणला. आणि सगळ्या रेडिएटरना लावू नका, एक तरी उघडा राहू द्या म्हणजे पाणी फिरायला वाट राहते, आमचा बाथरूमचा तसाच ठेवलाय.

जानेवारीत पारा उणे गेला त्या आठवड्यात शेजाऱ्यांचा बॉयलर बंद पडला, आतून गुडगुड आवाज. बाहेर भिंतीवरून जाणारी पांढरी प्लॅस्टिकची कंडेन्सेट पाइप (बॉयलरमध्ये वाफेचं झालेलं पाणी बाहेर नेणारी) गोठली होती. कोमट पाणी ओतून सुटली. उकळतं ओतू नका, पाइप तडकते. आमच्या पाइपला ऑक्टोबरातच फोमचं कव्हर चढवलं होतं.

सर्व्हिस मात्र स्वतः करायची गोष्ट नाही, गॅस सेफ रजिस्टरचाच (गॅसचं काम करायला परवानगी असलेल्यांची अधिकृत यादी) माणूस बोलवा आणि त्याच्या ओळखपत्राच्या कार्डाची मागची बाजू बघा, तो कुठली कामं करू शकतो ते तिथे असतं. नोव्हेंबरात त्यांच्या तारखा मिळत नाहीत. भाड्याने राहत असाल तर वर्षाची गॅस तपासणी घरमालकाने करून द्यायची असते, बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पण त्यानेच.

पाचपैकी साडेतीन स्टार. तीन बेडरूमना घेतले ते बास, बाकीच्यांना साधी मूठ ३ वर ठेवली की चालतं. आता मेमध्ये सगळ्या मुठी पूर्ण उघड्या करून बॅटऱ्या काढून ठेवल्यात, म्हणजे पिना चिकटायला नकोत.