पाहणीसाठी पहिलं शहर कोणतं: प्राग, लिस्बन की लाइपझिग?

तीन-चार जणांची टीम, हातात दहा दिवस आणि समोर एक प्रश्न: पुढे युरोपात सुवार्तेचं काम करायचं तर आधी कोणतं शहर नीट बघून यावं? बहुतेक मंडळ्या उत्तर आकड्यांत शोधतात. श्रद्धा मानणारे कुठे सगळ्यात कमी, ते बघायचं आणि यादीतलं वरचं नाव उचलायचं. फसगत इथेच होते. प्राग आणि जर्मनीतलं लाइपझिग कागदावर जुळी भावंडं वाटतात, दोन्हीकडे चर्चशी नातं न सांगणारे भरपूर. पण प्रागच्या आठवणीत चर्च जेत्यांच्या बाजूचं आहे, तर लाइपझिगच्या आठवणीत हुकूमशाहीत लोकांना आसरा देणारं. एकाच वाक्याने दोन्हीकडे बोलायला गेलात तर एका ठिकाणी दार उघडेल आणि दुसऱ्या ठिकाणी बंद होईल. म्हणून इथे तुलना करताना शहराला चर्चबद्दल काय आठवतं आणि ती आठवण दहा दिवसांत तुमच्या कानावर पडू शकते का, हे दोन निकष धरले आहेत.

प्राग

सुरुवात ओल्ड टाउन चौकातच करा, पण नजर घड्याळाच्या मनोऱ्यावर नको, पायाखाली ठेवा. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीलगत फरशीत 27 पांढरे क्रूस बसवलेले आहेत. 1620 च्या बीला होराच्या लढाईत चेक प्रॉटेस्टंट कॅथलिक हॅब्सबर्ग राजघराण्यासमोर हरले आणि 21 जून 1621 ला त्यांच्या उठावाच्या 27 पुढाऱ्यांना इथे मृत्युदंड दिला गेला. तिथून हाकेच्या अंतरावर चर्चच्या सुधारणेसाठी बोलणारे चेक धर्मोपदेशक यान हुस यांचा पुतळा आहे. हुस यांना 6 जुलै 1415 ला कॉन्स्टान्समध्ये जाळलं. हा दिवस आजही चेक देशात राष्ट्रीय सुटीचा आहे, पुतळा उभा राहिला 1915 मध्ये. त्याच चौकात मारियेचा स्तंभ आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर आठवडाभरात, 3 नोव्हेंबर 1918 ला जमावाने तो पाडला. लोकांच्या डोळ्यांत तो हॅब्सबर्ग सत्तेची खूण होता. 2020 मध्ये तो पुन्हा उभारला, तेव्हाही शहरात वाद झालाच. फरशी, पुतळा आणि स्तंभ, या तिन्हींमध्ये मिळून पाचशे वर्षांचं भांडण उभं आहे. ‘कम्युनिस्टांनी लोकांना नास्तिक केलं’ हे आपल्याकडे ऐकू येणारं सोपं उत्तर या चौकात टिकत नाही. 1948 ते 1989 या काळाने भर घातली हे खरं, पण दुरावा त्याच्या कितीतरी आधीचा.

2021 च्या जनगणनेत धर्माचा रकाना ऐच्छिक होता. सुमारे 30 टक्के लोकांनी तो कोराच सोडला, जवळपास निम्म्यांनी धर्म नाही असं लिहिलं. आणखी सुमारे 9 टक्के म्हणतात, श्रद्धा आहे, पण कुठल्याही चर्चचे नाही. पाहणीसाठी हा शेवटचा गट सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो चर्चमध्ये बसून दिसत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘दुशिच्की’ला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, ओल्शानीच्या कबरस्तानात जाऊन बघा. स्वतःला नास्तिक म्हणवणारी कुटुंबं आजी-आजोबांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावतात, पानं झाडतात, गप्प उभी राहतात. नाताळात भेटवस्तू आणतो तो सांताक्लॉज नव्हे, ‘येझीशेक’, म्हणजे बाळ येशू. पण घरातल्या किती जणांना या नावाचा अर्थ जाणवतो, हा पाहणीचा चांगला प्रश्न आहे.

राहायला मध्यवस्ती घेऊ नका. झिझकोव्ह किंवा विनोह्राडीत खोली घ्या आणि एक अख्खा दिवस मेट्रोच्या ‘सी’ मार्गावर, हाये आणि ओपातोव्ह स्टेशनांच्या आसपास घालवा. तिथे ‘पानेलाक’ म्हणजे काँक्रीटच्या तयार भिंती जोडून उभ्या केलेल्या इमारतींची प्रचंड वसाहत आहे. पर्यटकांचं प्राग आणि प्रागकरांचं प्राग यांतलं अंतर इथे कळतं. शहराच्या दक्षिणेकडचा सापा हा व्हिएतनामी बाजार अर्ध्या दिवसात होतो, तो सोडू नका.

बोलणं जमतं ते पबमध्ये, आणि आपल्यातले बरेच जण पबच्या दाराशीच अडखळतात. बीअर घेतलीच पाहिजे असं नाही. नळाची कोफोला म्हणजे चेक कोला किंवा रास्पबेरीचं गोड सोडापेय ‘मालिनोव्हका’ मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. बसताना ‘दोब्री देन’ म्हणायचं. वेटर टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतो आणि प्रत्येक ग्लासमागे तिच्यावर एक रेघ मारतो. ही चिठ्ठी म्हणजे बिल. तिच्यावर पाहणीची टिपणं लिहू नका, खिशातही घालू नका. बीअर घेणाऱ्याचा ग्लास रिकामा झाला की काही जुन्या पबमध्ये दुसरा न मागता येतो. नको असेल तर ग्लासवर गोल पुठ्ठा ठेवायचा. त्याच पबमध्ये त्याच वेळेला तीन दिवस गेलात तर तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, ‘तुम्ही इथे काय करताय?’ पहिल्या दिवशी तुम्हीच प्रश्नावली काढलीत तर तो कधीच येणार नाही. कुणी घरी बोलावलंच तर चपला बाहेर काढायच्या, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

सर्वाधिक टीमा चुकतात त्या वारांच्या बाबतीत. शुक्रवार दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत बरेच प्रागकर गावाकडच्या छोट्या घरांवर निघून जातात. शनिवार-रविवार धरून चार दिवसांचा बेत आखणाऱ्याला शहराऐवजी पर्यटकच भेटतात. भेटी सोमवार ते गुरुवार ठेवा. शक्य असेल तर मे अखेरची किंवा जूनच्या सुरुवातीची ‘चर्चची रात्र’ गाठा. त्या रात्री शेकडो चर्च उशिरापर्यंत उघडी असतात आणि एरवी उंबरा न ओलांडणारे लोक आत येतात. ते कुठे थबकतात आणि कोणाला काय विचारतात, एवढं नुसतं बघितलं तरी वही भरते.

किरकोळ पण महागात पडणारं: चलन कोरुना आहे, युरो नाही, आणि पर्यटनपट्ट्यातली पैसे बदलून देणारी दुकानं टाळलेली बरी. कागदी तिकीट पहिल्यांदा चढताना पिवळ्या यंत्रात छापून घ्यायचं. तपासनीस साध्या कपड्यांत असतो.

लिस्बन

इथे अडचण उलटी आहे. दार लगेच उघडतं आणि त्यामुळेच टीमची दिशाभूल होते. पोर्तुगालच्या 2021 च्या जनगणनेत 15 वर्षांवरच्या, प्रश्नाचं उत्तर दिलेल्या लोकांपैकी सुमारे 80 टक्के लोकांनी कॅथलिक लिहिलं. रविवारच्या मिस्साला मात्र बाकं तेवढी भरत नाहीत. संत अंतोनच्या सणात अख्खं शहर रस्त्यावर असतं. 12 जूनच्या रात्री मिरवणुका, सार्डीनचा धूर, कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली ‘मांजेरिको’ची कुंडी. ही बारीक पानांची वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुळातली. तिला नाक लावून वास घ्यायचा नसतो, तळहात फिरवून हाताचा वास घेतात. आणि एक लक्षात ठेवा: वसईत किंवा गोव्यात आपण ज्याला पदुआचा संत अंतोन म्हणतो, तो इथे लिस्बनचाच. त्याचा जन्म से कॅथेड्रलच्या शेजारी झाला असं मानतात. तिथे ‘पदुआचा’ म्हटलंत तर हसून चूक सुधारली जाईल.

शहराची जखम बघायची तर रोसियू चौकालगतच्या साव दोमिंगोस चर्चमध्ये जा. 1959 च्या आगीत होरपळलेले, तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. बाहेर 1506 च्या कत्तलीची आठवण म्हणून 2008 मध्ये लावलेला दगड आहे. जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंवर तेव्हा जमाव तुटून पडला होता. रोसियूवर आज राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंडाचे खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाचा, वाडा होता. गोव्यात 1560 मध्ये जी यंत्रणा आली तिचं मूळ इथलं. चर्चसमोरच्या छोट्या मैदानात संध्याकाळी गिनी-बिसावहून आलेले लोक जमतात, आणि पाच मिनिटांवर मार्तिम मोनीझच्या मागे बेनफोर्मोझो रस्त्यावर बांगलादेशी दुकानं लागतात. हा पट्टा सकाळी आठला, दुपारी चारला आणि रात्री नऊला असा तीनदा चालला पाहिजे. तीन वेळा तीन वेगळी गावं दिसतात.

महाराष्ट्र-गोव्यातून जाणाऱ्यांचा इथे खरा संबंध लागतो. वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती, त्यामुळे परेरा, लोपीस अशी आडनावं ऐकली की कॅफेतला माणूस स्वतःहून विचारतो, तुम्ही कुठले? फ्रान्सिस झेवियर 7 एप्रिल 1541 ला इथूनच निघाले. साव रोके चर्चच्या सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) त्यांच्या आयुष्यावरची आंद्रे रेइनोझो यांची चित्रमालिका आहे. मराठीत ओव्या रचणारे फादर स्टीफन्सही 1579 मध्ये लिस्बनच्याच बंदरातून गोव्याला आले. ही ओळख कामी येते, पण तिच्यात रमून जाऊ नका. गोवेकर आणि वसईकर टीमांचे दोन दिवस जुन्या नात्यांच्या गप्पांत जातात आणि मग ‘लिस्बन कळलं’ असं वाटू लागतं.

रविवारची विभागणी इथे फार उपयोगी पडते. दोघे कांपो द ओरीकसारख्या राहत्या वस्तीतल्या धर्मग्रामात, दोघे आमादोरा किंवा सिंत्रा मार्गावरच्या उपनगरात एखाद्या ब्राझिलियन मंडळीत. डोकी मोजा, अंदाजे वयं लिहा, उपासना संपल्यावर किती वेळ लोक दारात रेंगाळतात तेही लिहा. शहराच्या गाभ्यातली मंडळी उतारवयाची आणि उपनगरातली तरुण, स्थलांतरित असं चित्र दिसलं तर पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: तुम्हाला लिस्बनकरांमध्ये काम करायचं आहे की लिस्बनमध्ये आलेल्यांमध्ये? दोन्हींची तयारी वेगळी आहे. भाषा एकच असली तरी ब्राझीलचे आणि लिस्बनचे उच्चार इतके वेगळे, की एकावर शिकलेल्याला दुसरं सुरुवातीला कळत नाही.

कॅफेत ‘बिका’ म्हणजे छोटी कडक कॉफी काउंटरवर उभ्याने घ्या. बाहेरच्या टेबलावर ती महाग पडते, शिवाय गप्पा काउंटरवरच होतात. जेवणाआधी टेबलावर येणारे पाव-ऑलिव्ह फुकट नसतात, नको असतील तर हात न लावता परत करायचे. स्पॅनिशमध्ये बोलून बघू नका, इंग्रजी चालतं. ऑगस्टमध्ये लिस्बनकर बाहेरगावी असतात. आणि ट्राम 28 पाहणीसाठी निरुपयोगी: तिच्यात पर्यटक आणि खिसेकापू.

लाइपझिग, थोडक्यात

इथे पाचांत चारांहून जास्त लोक कुठल्याच चर्चचे सभासद नाहीत. तरी 9 ऑक्टोबर 1989 ला निकोलाय चर्चच्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट सत्तेविरुद्ध सुमारे 70,000 लोक रस्त्यावर उतरले, हे शहर विसरलेलं नाही. त्याच सत्तेने 1968 मध्ये विद्यापीठाचं चर्च सुरुंग लावून उडवलं, हेही नाही. चर्चबद्दल आदर आहे, पण सवय नाही. चौदाव्या वर्षी दृढीकरणाऐवजी ‘युगेंडवाइहे’ हा बिनधर्माचा सोहळा आजही अनेक घरांत होतो. सभासदत्व म्हणजे आयकराच्या 9 टक्के चर्चकर, त्यामुळे ‘सभासद नाही’ याचा अर्थ दर वेळी ‘विश्वास नाही’ असा होत नाही. टोमास चर्चमध्ये शुक्रवारी संध्याकाळी सहाला मोटेट, म्हणजे धार्मिक समूहगायन, ऐका आणि सोबत बसलेल्यांना, जमलं तर, विचारा: संगीतासाठी आलात की प्रार्थनेसाठी? उत्तर देताना लोक चाचरतात, ते चाचरणं टिपून ठेवा. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच किराणा भरा.

मग कोणतं?

पहिलीच पाहणी असेल, टीममध्ये वसई-गोव्याची माणसं असतील किंवा स्थलांतरितांमध्ये काम करायचं मनात असेल तर लिस्बन. बिनश्रद्धेच्या समाजात दीर्घकाळ राहायची तयारी असेल, महिनोन्‌महिने कुणी घरी बोलावलं नाही तरी चालणार असेल तर प्राग. आमचा कल प्रागकडे आहे, कारण तिथे आपले ठोकताळे लवकर मोडतात. पण चारांतल्या दोघांना शांतता सोसत नसेल तर तिथे पाठवू नका, चौथ्या दिवशी ते एकमेकांशीच बोलत बसतात. विद्यार्थ्यांमध्ये काम करायचं असेल तर लाइपझिग.

शहर कोणतंही असो, टीम चारच्या वर नको. आठ जण पबमध्ये शिरले की ती सहल होते. पहिला दिवस मुलाखती नाहीत, नुसतं चालायचं. जोडीतला एक बोलतो, दुसरा ऐकतो, टिपणं बाहेर आल्यावर. रोज संध्याकाळी 40 मिनिटं बैठक, वहीत दोन रकाने: डोळ्यांनी दिसलं ते एका बाजूला, आपल्याला वाटलं ते दुसऱ्या. हे रकाने मिसळले की घरी आल्यावर पाहणीचा अहवाल होत नाही, साक्ष होते. स्थानिक पाळक किंवा फादर किमान तीन वेगवेगळ्या मंडळ्यांचे भेटा. एकाच मंडळीचा दुभाषी दहा दिवस बरोबर असेल तर शहर त्याच्या चष्म्यातून दिसतं. प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो घेऊ नका. पत्रकं नेऊ नका, ही पाहणी आहे, आणि रस्त्यावर वाटपासाठी परवानगीचे नियम गावोगाव वेगळे असतात.

तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. भारतीय पासपोर्टला अल्पमुदतीचा व्हिसा लागतो: 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस, प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत अर्ज करता येतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर शेवटच्या महिन्यावर टाकू नका. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि प्रवासाचा हेतू जसा आहे तसाच लिहायचा. मंडळीचं पत्र एक आणि अर्जात लिहिलेलं दुसरं असेल तर नकार येऊ शकतो. प्राग आणि लाइपझिग एका फेरीत बसतात: ड्रेस्डेनला गाडी बदलून साधारण साडेतीन-चार तास. त्यातले सात दिवस प्रागला द्या आणि तीन लाइपझिगला. लिस्बन या फेरीत कोंबायचा मोह होईल. तो वेगळ्या वर्षासाठी ठेवा.