९५ डीबी की १०० वॉट? टिळकवाडीतल्या एका हॉलचा हिशोब

मामेभाऊ बेळगावात, टिळकवाडीला घर बांधतोय. वरचा हॉल सिनेमासाठी राखलाय, सोफा स्पीकरपासून साडेतीन मीटरवर. स्पीकरच्या दोन जोड्या मनात भरल्यात, अडलंय ते अ‍ॅम्प्लिफायरवर. दुकानदाराचं एकच पालुपद, "शंभर वॉटचा रिसीव्हर हाय, बस की!" (रिसीव्हर म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला डबा.)

बस होतो का, ते स्पीकरवर ठरतं. पहिली जोडी हॉर्नवाली (भोंग्यासारख्या तोंडाची), सेन्सिटिव्हिटी ९५ डीबी, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर ९५ डेसिबल आवाज; ८ ओहम, म्हणजे करंटला होणारा अडथळा. दुसरी दिसायला देखणी, आवाजाला गोड, पण ८६ डीबी आणि ४ ओहम. फरक ९ डीबीचा. दर ३ डीबीला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे दुसरीला आठपट ताकद हवी. त्यात एक मेख आहे: ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा २.८३ व्होल्टवर मोजलेला असेल, तर तिथे १ नव्हे, २ वॉट खर्च झालेले असतात. खरा आकडा मग ८३.

आपण ८६ खराच धरू. सिनेमागृहाच्या मापाने मुख्य चॅनलचा (म्हणजे पुढच्या एका स्पीकरचा) सर्वात मोठा दणका बसल्या जागी १०५ डीबीचा असतो. साडेतीन मीटरवर मोकळ्यात ११ डीबी गळतात, भिंती ३ डीबी परत देतात असं मी धरलंय. पहिल्या जोडीला साधारण ६० वॉट पुरतात, दुसरीला ५००! अर्थात घरात इतकं कोणी वाजवत नाही. १० डीबी खाली या, तर ६ आणि ५०. गणपतीच्या मिरवणुकीतला साऊंडवाला बॉक्स निवडताना हेच गणित पाहतो, आपण घरासाठी मात्र वॉट मोजत बसतो.

५० वॉट रिसीव्हर देईल ना? कागदावर देईल. पण त्याचे १०० वॉट बहुधा ८ ओहमवर, दोनच चॅनल चालवून मोजलेले असतात. सगळे चॅनल एकदम चालले की आकडा बराच उतरतो. शिवाय ४ ओहम दुप्पट करंट ओढतो. रिसीव्हर तापतो आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात स्वतःला बंद करून घेतो. त्याहून वाईट क्लिपिंग, म्हणजे अ‍ॅम्पची ताकद संपून आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटले जाणं. कमी पडणाऱ्या अ‍ॅम्पला असं पिळल्यानेही ट्वीटर (बारीक, उंच सुरांचे छोटे स्पीकर) जळू शकतात. ८० हर्ट्झखालचं, म्हणजे खर्जाचं काम सबवूफरकडे दिलं तर भार हलका होतो. (खानापूरच्या कौलारू घरात मी तो लावला, तर कौलंच बोलायला लागली. टिळकवाडीत स्लॅब आहे.)

माझं मत पहिल्या जोडीला: नुसता रिसीव्हर पुरे, उरलेले पैसे पडदे-गालिच्यात घालावेत. दुसरी हवीच असेल, तर पुढच्या तीन स्पीकरना वेगळा पॉवर अ‍ॅम्प लागेल. अ‍ॅम्पच्या प्रकारांत क्लास एबी वजनाने भारी आणि गरम, क्लास डी हलका नि थंड. आत्ता खर्च झेपत नसेल, तर निदान मागे प्री-आउट (बाहेरचा अ‍ॅम्प जोडायची जागा) असलेलाच रिसीव्हर घे म्हटलंय. पॉवर अ‍ॅम्प पुढच्या दिवाळीला जोडता येईल.